दाभोशाची टिपणे : हलका लॅपटॉप आणि माइंड मॅप

टिपण घेणे आणि माइंड मॅप काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. टिपणात ऐकलेले-पाहिलेले हातून निसटू नये म्हणून धरून ठेवायचे असते. माइंड मॅपमध्ये त्या गोष्टींची एकमेकींशी नाती लावायची असतात : मधोमध विषय, त्यातून निघालेल्या मुख्य फांद्या, त्यांच्या उपफांद्या, आणि प्रत्येक फांदीवर एक-दोनच शब्द. पहिले काम घाईचे, दुसरे सवडीचे. पहिले जागेवरच व्हावे लागते, दुसरे शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी, आठवण ताजी असताना. एक ते सव्वा किलो वजनाचा आणि दिवसभर बॅटरी टिकणारा लॅपटॉप ही दोन्ही कामे एका पिशवीत आणतो. हलकेपणाचे खरे मोल ते, कारण जड यंत्र घरी राहते आणि घरी राहिलेल्या यंत्रावरची टिपणे दोन-तीन दिवसांनी, निम्मे विसरून झाल्यावर लिहिली जातात.

वीज, छत आणि इंटरनेट असलेल्या खोलीत कोणतेही यंत्र चालते. यंत्राची आणि पद्धतीची परीक्षा होते ती दाभोशासारख्या ठिकाणी. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातले हे गाव जव्हार शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. लेंडी नदी इथे सुमारे ३०० फुटांवरून खाली कोसळते आणि बाहेरच्यांना दाभोसा माहीत असतो तो या धबधब्यामुळेच. टिपणे घेणाऱ्याला मात्र इथे पुष्कळ काही सापडते. बेसाल्टचे कडे आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांच्या परिसरभर विखुरलेल्या पाड्यांच्या वस्त्या आहेत. भातखाचरे आणि वरकस जमिनीवरची नागली-वरई आहे, पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या रानभाज्या आहेत. पावसाळ्यात दरीत मोबाइलची रेंज जाते-येते, वीजही जाते, आणि हवेतला दमटपणा कागदाला आणि यंत्राला सारखाच नडतो.

अशा परिसरात टिपणांना एक निश्चित घर आहे, ते म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावातल्या पिकांची, जनावरांची, रानातल्या वनस्पतींची व त्यांच्याशी जोडलेल्या लोकज्ञानाची नोंद ठेवायची असते. महाराष्ट्रात या कामासाठी २०१२ साली राज्य जैवविविधता मंडळ स्थापन झाले. राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवह्या पुऱ्या करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदतीत रकाने भरता येतात, पण ज्ञान एका फेरीत गोळा होत नाही. नोंदवहीत दर वर्षी भर पडत राहिली पाहिजे, आणि ही भर घालणारी माणसे गावातलीच, म्हणजे शाळेतले शिक्षक, महाविद्यालयात शिकणारी मुले, बचत गटातल्या बाया असली पाहिजेत. पुढचे विवेचन त्यांच्या कामाला धरून आहे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला किंवा पुस्तक लिहिणाऱ्याला ते तसेच लागू पडते.

एका चिठ्ठीवर एक गोष्ट

टिपणे कशी घ्यावीत याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने तिथे १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० संस्कृत ग्रंथांतून शब्द वेचून ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. वेचणीचे हे काम १९७३ पर्यंत चालले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथाचा नेमका संदर्भ. कोशाचा पहिला भाग १९७६ पासून छापला जाऊ लागला. चिठ्ठी लिहिणारा आणि ती वापरणारा यांच्यामध्ये दशके गेली तरी काम अडले नाही, कारण प्रत्येक चिठ्ठी स्वतःच्या पायावर उभी होती. ती कुठून आली हे तिच्यावरच लिहिलेले होते.

लॅपटॉपवरच्या टिपणालाही हाच नियम लावावा. एका टिपणात एकच गोष्ट, आणि सोबत चार बाबी : तारीख, ठिकाण, माहिती कोणी दिली, आणि ती प्रत्यक्ष पाहिली की ऐकली. शेवटची बाब सहसा सुटते आणि नंतर सर्वांत जास्त तीच लागते. ‘शेवळ ही रानभाजी जूनमध्ये उगवते’ हे वाक्य रानात उभे राहून लिहिले असेल तर ते निरीक्षण ठरते, ओटीवर बसून लिहिले असेल तर ते सांगणे ठरते. दोन्हींना मोल आहे, पण एकाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही. फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू केले, उदाहरणार्थ ‘२०२५-०६-१४-शेवळ’, तर संगणक फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लावतो आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

हाताने लिहावे की टंकावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पॅम मुलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यानातले शब्द जास्त प्रमाणात जसेच्या तसे उतरवतात आणि संकल्पना विचारणाऱ्या प्रश्नांत मागे पडतात. तो निष्कर्ष फार गाजला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही. तेव्हा दोष कळफलकाला देणे घाईचे ठरेल. टंकण्याचा वेग बोलण्याच्या वेगाजवळ जाऊ लागला की निवड थांबते, हा त्यातला कामाचा भाग. हाताने लिहिणाऱ्याला सगळे लिहिता येत नाही, म्हणून तो निवडतो. लॅपटॉपवर लिहिणाऱ्याने ही निवड जाणूनबुजून करायला हवी : एक विधान, एक आकडा, एक नाव, आणि लोकांचा एखादा शब्दप्रयोग मात्र हुबेहूब.

जव्हार आणि शेजारच्या मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर आणखी एक विचार करावा लागतो आणि तो तंत्राचा नसून माणसांचा आहे. एखादी आजी कणगीतले बियाणे काढून वाणांची नावे सांगत असते, तेव्हा तिच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये उघडा पडदा ठेवणे बरे नाही. बोलणारी माणसे पडद्याकडे पाहू लागतात, मोजून बोलू लागतात. अशा वेळी खिशातली छोटी वही पुरते, नजर समोरच्याकडे राहते, आणि लॅपटॉप नंतर उघडता येतो. ग्रामसभेत, प्रशिक्षणात, किंवा झाडाखाली एकट्याने बसून निरीक्षण लिहिताना मात्र थेट लॅपटॉपवर लिहिणे सोयीचे. वहीतले त्याच दिवशी टंकले नाही तर निम्मा फायदा जातो. आद्याक्षरे, बाण आणि अर्धे शब्द यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाच आठवड्याने लागत नाही.

देवनागरीत लिहिताना

मराठी टिपणे मराठीतच लिहावीत. ऐकलेले मनात इंग्रजीत नेऊन लिहिणाऱ्याच्या हातून सर्वांत आधी स्थानिक नावे निसटतात, आणि नोंदवहीचा तर तोच गाभा आहे. दसरबेंद्री, ढवळपेरी, शितोळी ही नागलीच्या वाणांची नावे किंवा कोळपी हे भाताचे नाव रोमन लिपीत लिहिले की उच्चार संदिग्ध होतो आणि पुढे शोधायला गेल्यावर ते नाव सापडत नाही.

संगणकावर देवनागरी लिहिण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने १९८०च्या दशकात प्रमाणित केलेली रचना : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ती शिकायला थोडे दिवस लागतात, पण एकदा बोटांत बसली की डोळे मिटूनही लिहिता येते आणि ती विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे मिळते. दुसरी उच्चारानुसारी पद्धत, जिच्यात रोमन अक्षरे टंकली की देवनागरी उमटते. २०१९ च्या विंडोज अद्ययावतीकरणापासून ती मराठीसाठी यंत्रातच आली आहे. सुरुवातीला ती सोपी वाटते, पण अनोळखी स्थानिक शब्दाला ती ओळखीचा शब्द सुचवते, आणि रानभाजीच्या नावाऐवजी भलताच शब्द नोंदवहीत जाऊन बसतो. स्थानिक नावे टिपणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकण्याचे कष्ट घ्यावेत.

लेखन युनिकोडमध्ये असणे ही अट मात्र सोडता येत नाही. युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर विचित्र चिन्हांची रांग होऊन दिसतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक कार्यालयांचे आणि संस्थांचे जुने अहवाल आज या कारणाने अर्धवट मुके झाले आहेत. युनिकोडमधल्या साध्या मजकुराला जागाही नगण्य लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारण तीन बाइट घेते, म्हणजे अडीचशे शब्दांचे एक पान साडेचार किलोबाइटच्या आसपास. अशी एक लाख पाने अर्ध्या गिगाबाइटमध्ये मावतात. एका छायाचित्राला मात्र तीन-चार मेगाबाइट लागतात. यंत्राची जागा भरते ती छायाचित्रांनी.

यंत्र कसे असावे

वजन एक-सव्वा किलो ठीक. त्याहून शंभर-दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, चार्जर आणि पाण्याची बाटली मिळून लॅपटॉपइतकेच वजन होते. आठ गिगाबाइट मेमरी टिपणांना आणि माइंड मॅपला भरपूर आहे. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी, कारण जव्हारच्या घाटरस्त्यावर एसटीत बसणारे हिसके तबकडीला सोसत नाहीत. खरी अडचण येते पडद्याची आणि विजेची.

सामान्य लॅपटॉपच्या पडद्याची उजळता ३०० ते ४०० निट असते. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश पडतो आणि त्यात हा पडदा काळा पडल्यासारखा दिसतो. चकचकीत पडद्यात तर स्वतःचा चेहराच दिसतो. म्हणून चकाकी नसलेला, मॅट पडदा घ्यावा आणि बसायला सावली शोधावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. हलक्या लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० वॅट-तासांची असते. नुसते लिहिताना, पडद्याची उजळता बेताची ठेवून आणि वायफाय बंद करून, यंत्र सहा वॅटच्या आसपास खाते. म्हणजे आठ तास. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक कागदावर ७४ वॅट-तासांची असते आणि रूपांतरातली तूट वजा जाता पंचावन्न-साठ वॅट-तास हाती लागतात, म्हणजे लॅपटॉप एकदा पूर्ण भरतो. त्यासाठी लॅपटॉप टाइप-सी जोडणीवर भरणारा हवा आणि पॉवर बँक किमान ४५ वॅट देणारी हवी. पाण्यापासून रक्षणाला तोंड बंद होणारी जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरे. बाहेरच्या गारव्यातून चुलीच्या उबेत आल्याबरोबर यंत्र उघडू नये. आतबाहेरच्या तापमानातल्या फरकाने पडद्यावर धरलेले दव आधी सुकू द्यावे.

ग्रामीण महाराष्ट्राला सोसेल असे हलके यंत्र कसे असावे याचा एक विचार प्रत्यक्षात उतरलेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा वस्तीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. भारतातला तो पहिला प्रयोग. दीड किलोच्या आतले ते हिरवे-पांढरे यंत्र उन्हातही वाचता येत असे, कारण त्याचा पडदा मागचा दिवा बंद करून बाहेरच्या प्रकाशावर चाले. कळफलक रबराचा आणि सांधेबंद होता, फिरणारी तबकडी नव्हती. त्यातली ‘शुगर’ ही प्रणाली मुलांनी केलेले प्रत्येक काम आपोआप एका रोजनिशीत साठवी आणि तिच्यासाठी ‘लॅबिरिंथ’ हे माइंड मॅपचे साधनही होते. प्रकल्पाच्या खर्चावर आणि अध्यापनाच्या विचारावर पुढे बरीच टीका झाली. यंत्राची रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती आणि उन्हात वाचता येणारा तसा पडदा आजच्या महागड्या लॅपटॉपांतही सहसा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नकाशा काढताना

माइंड मॅप हा शब्द आणि त्याची रंगीत, वळणदार फांद्यांची रीत ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. १९७४ च्या त्यांच्या बीबीसी मालिकेने ती घराघरांत नेली. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयी त्यांनी केलेले दावे आज कोणी गंभीरपणे घेत नाही, पण रीत उपयोगी ठरली. कारण साधे आहे. माणूस एका वेळी मनात थोड्याच गोष्टी धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही संख्या सातच्या आसपास सांगितली, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारपर्यंत खाली आणली. शंभर टिपणे पाच-सहा फांद्यांत बसवली की मनाला एका वेळी पाच-सहाच गोष्टी पेलाव्या लागतात आणि बाकीच्या नजरेसमोर राहतात.

लॅपटॉपवर हे काम करणारी साधने पुष्कळ आहेत. त्यांतले फ्रीप्लेन हे मोफत आणि मुक्त आहे, इंटरनेटशिवाय चालते, जुन्या यंत्रावरही चालते आणि युनिकोड देवनागरी नीट दाखवते. टॅब कळ दाबली की उपफांदी, एंटर दाबली की शेजारची फांदी. माउसला हात लावावा लागत नाही. त्याहून उपयोगी सोय अशी, की साध्या मजकुराच्या फाइलीत ओळी आत-आत सरकवून लिहिलेली यादी तिथे चिकटवली की तिच्या आपोआप फांद्या होतात. म्हणजे टिपणे साध्या फाइलींत राहू द्यायची आणि नकाशा त्यांच्यावरून करायचा. मूळ माल एखाद्या कंपनीच्या खास स्वरूपात अडकवू नये. अॅप बंद पडतात, वर्गणी वाढते, साधी मजकुराची फाइल तीस वर्षांनीही उघडते.

दाभोशाचा नकाशा असा सुरू होऊ शकतो. मधोमध ‘दाभोसा’. फांद्या : नदी, खडक, रान, शेती, माणसे, पर्यटन. दिवसाची टिपणे एकेक वाचायची आणि एक-दोन शब्दांत योग्य फांदीवर ठेवायची. पहिल्याच संध्याकाळी दिसते की ‘पर्यटन’ फांदी गच्च भरली आहे आणि ‘खडक’ फांदीवर एकच शब्द आहे. माइंड मॅपचा सर्वांत मोठा उपयोग हाच : काय माहीत नाही ते तो दाखवतो. पानापानाने लिहिलेल्या टिपणांत रिकामी जागा दिसत नाही, नकाशात डोळ्यांत भरते. दुसऱ्या दिवशी कोणाला काय विचारायचे याची यादी त्या रिकाम्या फांद्यांवरूनच तयार होते.

मग अडचणी सुरू होतात, आणि त्या अभ्यासाला पुढे नेतात. भात कुठे ठेवायचा? शेती फांदीवर, हे उघड. पण वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने, आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. म्हणजे भात ‘माणसे’ फांदीवरही हवा. शेवळाचेही तसेच. जूनच्या पहिल्या पावसात येणारी ही भाजी रान फांदीवर बसते, पण तिची खाज मारण्यासाठी तिच्यात काकड झाडाची आंबट फळे घालतात. शेवळ आणि काकड यांना दोन वेगळ्या ओळींत टाकले तर खरी माहिती, म्हणजे दोघांमधले नाते, हरवते. नोंदवहीच्या छापील तक्त्यात असे होण्याची भीती मोठी, कारण तिथे प्रत्येक वनस्पतीला स्वतंत्र ओळ आहे.

इथे झाडासारखी फांद्यांची रचना अपुरी पडते. एक गोष्ट एकाच फांदीवर, हा तिचा नियम आणि जग तसे नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ च्या सुमारास संकल्पना-नकाशा विकसित केला, त्यात हे बंधन नाही. कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीशी जोडता येते, अट एवढीच की जोडणाऱ्या रेषेवर क्रियापद लिहायचे. ‘काकड’ पासून ‘शेवळ’ कडे बाण आणि त्यावर ‘खाज मारते’. ‘भात’ पासून ‘चौक’ कडे बाण आणि त्यावर ‘रंग पुरवतो’. फ्रीप्लेनमध्ये दोन फांद्यांच्या मध्ये अशी बाणरेषा काढून तिला नाव देता येते. नुसत्या रेषेने काहीच सांगितले जात नाही. क्रियापद लिहायला लागले की आपल्याला नाते ठाऊक आहे की नुसता भास आहे, ते लगेच कळते.

नदीच्या फांदीवर ही रीत किती दूर नेते ते पाहण्यासारखे आहे. लेंडी ‘मिळते’ दमणगंगेला. दमणगंगा गुजरातेतल्या मधुबन धरणात ‘अडते’ आणि पुढे दमणजवळ अरबी समुद्राला ‘मिळते’. दमणगंगेचीच दुसरी उपनदी वाघ, तिच्यावर जव्हार तालुक्यात खारगीहिल येथे धरण बांधून ते पाणी पिंजाळमार्गे मुंबईकडे ‘वळवावे’, अशी दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पाची योजना आहे. शेजारच्या मोखाडा तालुक्यातले मध्य वैतरणा धरण मुंबईला आधीपासून पाणी ‘पुरवते’. पाण्याविषयीची दोन-चार सुटी टिपणे अशी बाणांनी जोडली की तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मार्चनंतर बायाबापड्या पाण्यासाठी का वणवण करतात, हा प्रश्न नकाशाच्या मध्यावर येतो. पाऊस, बेसाल्टचा कातळ, वाहून जाणारे पाणी आणि बाहेर जाणारे पाणी या चारही गोष्टी एकाच पडद्यावर असतात.

काही प्रश्नांना तर बाणांचे वर्तुळच शोभते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषणाची टिपणे तेव्हापासून अनेकांनी घेतली, पण ती बहुधा खात्यांनुसार विभागलेली राहिली : आरोग्याची एका दप्तरात, रोजगाराची दुसऱ्यात, पाण्याची तिसऱ्यात. प्रत्यक्षात भाताची कापणी झाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. मूल आईबरोबर जाते आणि गावच्या अंगणवाडीतला त्याचा आहार तुटतो. वजनाच्या नोंदी खंडित होतात, पावसाआधी परत आलेल्या मुलाची घसरण उशिरा लक्षात येते. घरात साठा नसतो म्हणून उचल घ्यावी लागते, आणि ती फेडण्यासाठी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जावे लागते. हे वर्तुळ फांद्यांच्या चित्रात मावत नाही. एका पडद्यावर बाणांनी काढले तर कुठला बाण तोडता येईल यावर बोलता येते, मग ते गावातला रोजगार असो, भट्टीवरची अंगणवाडी असो की उचलीचा हिशेब. अशी चित्रे अंगणवाडी सेविका, आशा आणि ग्रामसेवक यांनी एकत्र बसून काढावीत. ज्यांच्याकडे तुकडे आहेत त्यांनीच ते जोडले तर बाण खरे पडतात.

तयार नकाशा पाहण्यापेक्षा स्वतः काढण्याने शिकणे जास्त होते, असे या विषयावरच्या संशोधनातूनही सुचते. जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात संकल्पना-नकाशांचा फायदा दिसला, आणि त्याचा बराचसा वाटा काढणाऱ्याच्या गुंतण्याकडे जातो. म्हणून शिक्षकाने सुबक नकाशा करून मुलांना वाटण्यापेक्षा मुलांनी केलेला वेडावाकडा नकाशा बरा. रंग, चिन्हे, चित्रे यांत वेळ घालवण्याचा मोह लॅपटॉपवर फार होतो. नकाशा देखणा होत गेला आणि टिपणे मात्र तेवढीच राहिली, तर थांबावे.

परत देणे

नकाशा पुरा झाल्यावर तो पुन्हा मजकुरात यावा लागतो, कारण नोंदवही, अहवाल किंवा लेख वाक्यांत असतो. प्रत्येक मुख्य फांदी एक प्रकरण, प्रत्येक बाण एक वाक्य, असे धरले की पहिला मसुदा लवकर उभा राहतो. फ्रीप्लेन नकाशा क्रमवार मजकुरात बाहेर काढते. बायफसारख्या संस्थेने जव्हार भागात शेतकऱ्यांबरोबर केलेले स्थानिक बियाण्यांच्या जतनाचे काम वाचताना हेच जाणवते : वाणाचे नाव, त्याचे गुण, कोणत्या जमिनीत येते, कोणी जपले, ही माहिती जोडलेली असेल तरच ते बियाणे दुसऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे होते.

औषधी वनस्पतींविषयीचे ज्ञान मात्र ज्याने सांगितले त्याच्या परवानगीशिवाय उघडे करू नये. नोंदवहीतला असा भाग गोपनीय ठेवता येतो. लॅपटॉपवर तो वेगळ्या फोल्डरात, संकेतशब्दाखाली ठेवावा आणि सामायिक नकाशात नुसती ‘नोंद आहे’ एवढी खूण करावी. यंत्र हरवले तर माहितीही परक्याच्या हाती जाते, म्हणून संपूर्ण डिस्क सांकेतिक करून ठेवण्याची सोय सुरू असावी. ती विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मिळते.

प्रती तीन असाव्यात : एक यंत्रात, एक पेन ड्राइव्हवर आणि एक गावाबाहेर, म्हणजे जव्हारला रेंज मिळाल्यावर क्लाउडवर किंवा ओळखीच्या माणसाच्या संगणकावर. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवला तर पिशवी भिजली की दोन्ही जातात. नकाशाची एक प्रत ए-३ कागदावर मोठ्या अक्षरांत छापून घ्यावी. ग्रामसभेत किंवा शाळेच्या भिंतीवर ती लावली की लोक बोट ठेवून चुका सांगतात, वाणाचे नाव दुरुस्त करतात, सुटलेली झाडे जोडतात. या दुरुस्त्या पेनाने कागदावरच करू द्याव्यात, आणि तारीख व सांगणाऱ्याचे नाव घालून त्याच संध्याकाळी मूळ टिपणांत चढवाव्यात.